जुन्या टीव्हीला स्टिक लावली आणि चित्र येईना गेलं: कुठून तपासायचं

गंगाखेड, सोनपेठ, परळी या पट्ट्यात मी डिश आणि टीव्ही बसवायचं काम करतो. अलीकडे एकच तक्रार सारखी येते. पोरगं दिवाळीला पुण्याहून नाहीतर संभाजीनगरहून गावी येतं, येताना फायर टीव्ही स्टिक नाहीतर अँड्रॉइड बॉक्स, म्हणजे इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी बारकी वस्तू, आणतं, घरच्या जुन्या टीव्हीला लावतं आणि परत जातं. मग घरून फोन येतो, "दादा, आवाज यायलाय, पण चित्रच येईना गेलंय." आणि लगेच पुढचा प्रश्न, "आता नवा टीव्हीच घ्यावा लागंल काय?"

बहुतेक वेळा घ्यावा लागत नाही. अशा तक्रारींत टीव्ही स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. खोट असते ती स्टिकला मिळणाऱ्या विजेत, एखाद्या सेटिंगमध्ये, नाहीतर मधल्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे स्टिकचा सिग्नल जुन्या टीव्हीला कळेल असा बदलणाऱ्या डबीत. यातलं बरंचसं घरच्या घरी सापडतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही, पुढे जाल तसा थोडा खर्च आहे. सोपं सोडून थेट दुकानात धावू नका.

आधी लक्षण नीट बघा

"चित्र नीट नाही" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा.

- पडदा काळा किंवा निळा, वर "नो सिग्नल". आवाजही नाही.
- "मोड नॉट सपोर्टेड" किंवा "इनव्हॅलिड फॉरमॅट" असं लिहून येतं.
- स्टिकचं चिन्ह दिसतं, पडदा काळा होतो, पुन्हा चिन्ह दिसतं. हेच चालू राहतं.
- चित्र येतं, पण रंग नाही. किंवा चित्र वर-खाली पळतं.
- चित्राच्या कडा कापल्या जातात. किंवा माणसं उभट, काडीसारखी दिसतात.
- सगळं चित्र जांभळट किंवा हिरवट.
- पांढरे ठिपके चमचमतात, मधेच चित्र क्षणभर जातं आणि परत येतं.
- आडवे फिकट पट्टे पडद्यावरून हळूहळू सरकत राहतात.
- मेनू दिसतो, यूट्यूब चालतं, पण पैसे भरलेल्या अॅपमध्ये सिनेमा लावला की पडदा काळा.
- मेनू एकदम स्वच्छ, पण सिनेमा धूसर आणि चौकडे-चौकडे.

चित्र नेमकं कुठं बिघडतंय

हात लावायच्या आधी ही एक परीक्षा करा, कारण पुढचं सगळं हिच्यावर ठरतं.

टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. आवाज, ब्राइटनेस वगैरेची जी पट्टी येते ती टीव्ही स्वतः तयार करतो. स्टिकचा किंवा वायरीचा तिच्याशी काही संबंध नाही. त्या पट्टीवरसुद्धा रेघा, डाग, चुकीचे रंग दिसत असतील तर बिघाड टीव्हीत आहे. मग स्टिक दहा वेळा काढून घालून उपयोग नाही, थेट शेवटच्या भागाकडे जा.

ती पट्टी स्वच्छ आहे, पण स्टिकचं होमपेज खराब दिसतं किंवा दिसतच नाही? मग खोट मधल्या वाटेवर आहे: वीज, जोडणी, रिझोल्युशन (चित्र किती ठिपक्यांचं आणि रेघांचं ते माप), वायर, कन्व्हर्टर.

आणि दोन्ही स्वच्छ असून फक्त सिनेमा किंवा मॅच लावल्यावर त्रास होत असेल, तर टीव्हीला आणि वायरीला दोष देऊ नका. तिथं एकतर इंटरनेट कमी पडतंय किंवा कॉपी-संरक्षण आडवं येतंय.

सोर्स बदलून बघा

जुन्या एलसीडीला बहुधा दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात, म्हणजे स्टिक खोचायची चपटी जागा. स्टिक एकात आणि टीव्ही दुसऱ्यावर, असं फार वेळा निघतं. पोर्टच्या शेजारी कोरलेला नंबर टॉर्चने वाचा, आणि रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुट बटणाने तोच नंबर लावा. एखाद्या पोर्टजवळ एचडीएमआयबरोबर डीव्हीआय असंही लिहिलेलं असतं. तो पोर्ट मुळात कॉम्प्युटर जोडण्यासाठी ठेवलेला असतो, काही टीव्ही त्यावर आवाज आणि चित्र वेगळ्या पद्धतीने हाताळतात. दुसरा पोर्ट मोकळा असेल तर तो वापरा.

डब्बा टीव्ही असेल, म्हणजे पाठीमागे पिक्चर ट्यूबचा फुगवटा असलेला, तर एव्ही चॅनेल, म्हणजे मागच्या पिवळ्या-पांढऱ्या सॉकेटमधलं चित्र दाखवणारं चॅनेल, लावावं लागतं. रिमोटवर "टीव्ही/एव्ही" बटण असतं. रिमोट हरवलेला असेल तर काही टीव्हींत शून्य नंबरच्या चॅनेलवरून खाली गेलं की एव्ही येतं.

डब्बा टीव्हीच्या मागं कधी कधी पिवळ्या-पांढऱ्या सॉकेटच्या दोन जोड्या असतात. एकीवर "एव्ही इन", दुसरीवर "एव्ही आउट". आउटमध्ये वायर खोचली तर जन्मात चित्र यायचं नाही, कारण ती टीव्हीतून सिग्नल बाहेर काढायची जागा आहे. धुळीमुळे ही अक्षरं वाचता येत नाहीत, आधी कापडाने पुसून घ्या.

वीज: बहुतेक बिघाड इथंच सापडतो

चिन्ह दिसतं, काळं होतं, पुन्हा चिन्ह दिसतं, हे लक्षण असेल तर बाकी काही बघू नका. स्टिकची वायर कुठं लावलीय ते बघा. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावलेली असणार.

जुन्या टीव्हीचा यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हमधली गाणी-फोटो बघण्यासाठी दिलेला असतो. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर करंट मिळेल एवढीच ठरलेली मर्यादा आहे. स्टिकबरोबर येतो तो अडॅप्टर त्याच्या दुप्पट, १ अँपिअर देतो. होमपेज उघडेपर्यंत स्टिक कसंबसं भागवते. सिनेमा सुरू झाला, प्रोसेसर आणि वायफाय दोन्ही जोरात चालू लागले, की करंट पुरत नाही. ती बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. माणसाला वाटतं चित्र गेलं, खरं तर स्टिकच गेलेली असते.

बॉक्समध्ये आलेला अडॅप्टर शोधा आणि भिंतीवरच्या बोर्डात लावा. तो मोबाइलच्या चार्जरसारखाच दिसतो म्हणून घरातलं कुणीतरी फोनला वापरत असतं. जुन्या मोबाइलचा बारका चार्जर त्याच्या जागी चालत नाही, त्यावर ०.५ किंवा ०.७ अँपिअर लिहिलेलं असतं. वायरसुद्धा तीच वापरा. लांब आणि पातळ वायरीत व्होल्टेज उतरतं आणि स्टिकपर्यंत ५ व्होल्ट पोचत नाहीत.

इथं आपल्याकडच्या विजेबद्दल सांगतो. संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज खाली येतं, आणि लोक स्टिकचा दोष त्याच्यावर ढकलतात. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे एवढ्या उताराने त्याला फरक पडत नाही. फरक डब्बा टीव्हीला पडतो. चित्र चारी बाजूंनी आकसून मधे गोळा होत असेल, आणि डिशवरसुद्धा तसंच होत असेल, तर तो व्होल्टेजचा किंवा टीव्हीच्या पॉवर सप्लायचा प्रश्न आहे. स्टॅबिलायझर लावून बघा.

सगळं बंद करून पुन्हा जोडा

टीव्ही आणि स्टिक दोन्ही बोर्डावरून बंद करा, नुसत्या रिमोटने नव्हे. एचडीएमआय काढा, पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आपल्याकडं कोनाड्यात किंवा शोकेसमध्ये ठेवलेल्या टीव्हीच्या मागं काळ्या मातीची धूळ, कोळ्याची जाळी, कधी मुंग्यांची माती सापडते. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पाणी, रॉकेल, खोबरेल तेल यातलं काहीही लावू नका.

स्टिक पूर्ण आतपर्यंत बसवा. स्टिकबरोबर जो वीतभर लांबीचा एक्स्टेंडर तुकडा येतो तो पुष्कळ लोक बॉक्समध्येच ठेवून देतात. तो जरूर वापरा. स्टिकचं वजन पोर्टवर पडत नाही, ती टीव्हीच्या गरम पाठीपासून लांब राहते आणि वायफायही बरं पकडते.

मग आधी टीव्ही चालू करा, एचडीएमआयचा सोर्स लावा, आणि नंतर स्टिकला वीज द्या. या क्रमाला कारण आहे. स्टिक सुरू होताना टीव्हीला विचारते की तुला कोणकोणतं रिझोल्युशन झेपतं, आणि टीव्ही आपली यादी पाठवतो. टीव्ही त्या वेळी बंद किंवा दुसऱ्या सोर्सवर असला तर काही जुन्या सेटमध्ये हे बोलणं अर्धवट राहतं आणि स्टिक भलतंच रिझोल्युशन धरून बसते.

दोन्ही चालू असताना एचडीएमआय कधीच काढू-घालू नका. ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथं टीव्हीच्या आणि अडॅप्टरच्या धातूच्या भागांत थोडं व्होल्टेज असतं. पिन टेकताना बारीक ठिणगी पडते आणि पोर्टची चिप जाते.

रिझोल्युशन

"मोड नॉट सपोर्टेड" आलं की लोक घाबरतात, मला मात्र बरं वाटतं. त्याचा अर्थ स्टिक चालू आहे, वायर चालू आहे, टीव्हीपर्यंत सिग्नल पोचतोय. फक्त तो टीव्हीला पचेल अशा आकारात नाही.

सुरुवातीच्या काळातल्या "एचडी रेडी" एलसीडी आणि प्लाझ्मा टीव्हींचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो. त्यातले काही ७२०पी आणि १०८०आय घेतात, पण १०८०पी घेत नाहीत. यातला आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या रेघा. "आय" आणि "पी" मधला फरक असा: "आय" मध्ये एका वेळी एकाआड एक रेघा येतात, "पी" मध्ये सगळ्या रेघा एकदम. सगळ्या एकदम म्हणजे दुप्पट माल, आणि जुन्या सर्किटला तो उचलत नाही.

उपाय: ७२०पी. फायर टीव्हीमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साउंड्स, डिस्प्ले, व्हिडिओ रिझोल्युशन असं जायचं आणि "ऑटो" सोडून ७२०पी निवडायचं. ५० आणि ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र, असे दोन पर्याय दिसतील. आधी ६० लावा, तो चालला नाही तर ५०.

पण पडद्यावर काही दिसतच नसेल तर सेटिंगपर्यंत जायचं कसं? फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि मागे नेण्याचं बटण, म्हणजे रिवाइंड, दोन्ही एकदम ५ सेकंद दाबून धरा. स्टिक मग दर १० सेकंदांनी एकेक रिझोल्युशन आपणहून बदलत जाते. घाई करू नका, काळ्या पडद्याकडं बघत थांबा. ज्या क्षणी चित्र दिसेल त्या क्षणी "यूज करंट रिझोल्युशन" निवडा. एवढी एकच गोष्ट माहीत असती तर कितीतरी घरांनी मला बोलावलंच नसतं.

दुसऱ्या जातीचा बॉक्स असेल तर शेजाऱ्याच्या नव्या टीव्हीला लावा, तिथं ७२०पी करून ठेवा आणि आपल्या घरी आणा. काही बॉक्स नवा टीव्ही दिसला की परत "ऑटो"वर जातात, पण प्रयत्न फुकटचा आहे.

७२०पीने चित्र फार खालावेल अशी भीती बाळगू नका. ७६८ रेघांच्या पडद्याला १०८० रेघा दिल्या तरी तो त्या आटवूनच दाखवणार.

त्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. "मॅच ओरिजिनल फ्रेम रेट" चालू असेल तर बंद करा. ते चालू असलं की सिनेमा सुरू होताना पडदा काळा होतो, आणि सिनेमाचा सेकंदाला २४ चित्रांचा वेग न झेपणाऱ्या टीव्हीवर तो काळाच राहतो. दुसरं, डायनॅमिक रेंजमध्ये "ऑलवेज एचडीआर" निवडलेलं नसावं. एचडीआर म्हणजे जास्त उजेड-अंधार दाखवणारी नवी चित्रपद्धत, जुन्या टीव्हीला ती कळत नाही.

कडा कापणं आणि रंग बिघडणं

कडा कापणं हा बिघाड नाही. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा वाकड्या-तिकड्या असायच्या म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायचे. एलसीडी आल्यावरही ती सवय राहिली. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जा. एलजीमध्ये "जस्ट स्कॅन", सॅमसंगमध्ये "स्क्रीन फिट", सोनीमध्ये "फुल पिक्सेल" असा पर्याय असतो. तो लावला की अख्खं चित्र दिसतं. टीव्हीत तसा पर्याय नसेल तर फायर टीव्हीत "कॅलिब्रेट डिस्प्ले" आहे. त्यातले चार कोपऱ्यांतले बाण पूर्ण दिसेपर्यंत चित्र लहान करा.

जांभळट-हिरवट चित्रामागं दोन कारणं असतात. एक, एचडीएमआयची पिन नीट टेकत नाही. दुसरं, स्टिक रंग एका पद्धतीने पाठवतेय आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचतोय. पहिल्यासाठी पुन्हा बसवा. दुसऱ्यासाठी स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कलर फॉरमॅट बदलून बघा, आरजीबी असेल तर वायसीबीसीआर, ते असेल तर आरजीबी.

अंधारातले प्रसंग नुसते काळे ढिगारे दिसत असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये "एचडीएमआय ब्लॅक लेव्हल" शोधा आणि "लो" ऐवजी "नॉर्मल", किंवा उलट, करून बघा.

डब्बा टीव्ही आणि कन्व्हर्टर

पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्यातून निघालेले व्हिडिओकॉनचे डब्बा टीव्ही मी अजूनही घराघरांत चालू बघतो. म्हातारी माणसं त्याच्यावर जीव लावून असतात. त्यांना स्टिक लागते, नक्की लागते. पण मधे कन्व्हर्टर पाहिजे आणि तो बरोबर पाहिजे.

पहिली गोष्ट: एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल-पिवळी-पांढरी पिन, अशी नुसती वायर बाजारात मिळते. ती स्टिकला चालत नाही. एचडीएमआयमधून येतो तो डिजिटल सिग्नल, पिवळ्या पिनला लागतो अॅनालॉग. मधे बदलणारं सर्किट नसेल तर नुसत्या तांब्यातून काही होत नाही. ही वायर घेऊन ठेवली असेल तर दुकानदाराला परत करा.

दुसरी गोष्ट: कन्व्हर्टरच्या डब्या दोन प्रकारच्या असतात, आकाराला आणि रंगाला सारख्याच. एक एचडीएमआयचं एव्ही करते, दुसरी एव्हीचं एचडीएमआय. आपल्याला पहिली हवी. ओळखायची खूण म्हणजे तिच्यावरचं बारकं सरकतं बटण. पाल/एनटीएससी लिहिलेलं असेल तर ती आपली. ७२०/१०८० लिहिलेलं असेल तर ती उलटी.

ते पाल/एनटीएससी बटणच रंग जाण्याचं आणि चित्र पळण्याचं कारण असतं. भारतात टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र भरणारे. अमेरिकेकडची एनटीएससी पद्धत ६० वेळा. बटण एनटीएससीवर राहिलं की नुसत्या पाल टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर-खाली पळतं. नखाने ते पालकडं सरकवा आणि कन्व्हर्टरची वीज बंद करून पुन्हा चालू करा. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम असेल तर ती "ऑटो"वर ठेवा.

बटण बरोबर असूनही रंग नाही? पिवळी पिन कुठं आहे बघा. काही टीव्हींत हिरवा, निळा, लाल असे कंपोनंटचे सॉकेट शेजारीच असतात, आणि पिवळी पिन हिरव्यात बसली तर चित्र येतं पण काळं-पांढरं. काही एलसीडींत हिरवा-पिवळा मिळून एकच सॉकेट असतो. तिथं सोर्समध्ये कंपोनंट नव्हे, एव्ही निवडायचं.

कन्व्हर्टरलाही स्वतःची वीज लागते. त्याची बारकी यूएसबी वायर बऱ्याच जणांनी जोडलेलीच नसते. म्हणजे स्टिकला एक अडॅप्टर आणि कन्व्हर्टरला दुसरा, असे दोन पॉइंट हवेत.

माणसं उभट दिसणं साहजिक आहे. स्टिकचं चित्र १६:९ च्या रुंद मापाचं, डब्बा टीव्ही ४:३ चा, आणि कन्व्हर्टर रुंद चित्र दाबून बसवतो. टीव्हीच्या मेनूत १६:९ किंवा वाइड पर्याय असेल तर तो लावा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतील पण चेहरे सरळ होतील. पर्याय नसेल तर हे तसंच राहणार. अक्षरं पुसट दिसणंही राहणार, कारण पाल चित्राला ५७६ च रेघा आहेत आणि स्टिकचा मेनू त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक अक्षरांत बनवलेला आहे. फायर टीव्हीच्या अॅक्सेसिबिलिटीमध्ये स्क्रीन मॅग्निफायर आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांना तो चालू करून द्या. सिनेमा, कीर्तन, मॅच बघायला काही अडचण येत नाही.

आडवे पट्टे सरकत असतील तर एकेक वायर काढून बघा: डिशची, केबलची, साउंड बॉक्सची. जी काढल्यावर पट्टे थांबतील तिच्यातून अर्थिंगचा फरक येतोय. सगळे अडॅप्टर आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की पुष्कळदा हे मिटतं.

ज्या टीव्हीला फक्त अँटेनाची जागा आहे, एव्ही नाहीच, त्याला आणखी एक मॉड्युलेटर, म्हणजे एव्हीचं चित्र अँटेनाच्या चॅनेलसारखं करणारी डबी, लागतो आणि चित्र अजून खराब होतं. तिथं मी पैसे घालू नका म्हणूनच सांगतो.

वायर आणि पोर्ट

पांढरे ठिपके चमचमणं, चित्र क्षणभर जाणं, हे एचडीएमआय वायरीचं लक्षण. डिजिटल सिग्नलचं वागणं ठरलेलं आहे: पोचला तर पूर्ण स्वच्छ, अर्धवट पोचला तर ठिपके आणि रेघा, नाही तर काहीच नाही. वायरीमुळे चित्र "थोडं धूसर" कधीच होत नाही. म्हणून महागडी वायर घेऊन चित्र उजळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साधी, आखूड, घट्ट बसणारी वायर पुरते.

विकत घेण्याआधी सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर किंवा शेजाऱ्याची वायर लावून बघा. मग दुसरा पोर्ट. मग हीच स्टिक दुसऱ्या टीव्हीवर. स्टिक दुसरीकडं चालली, आणि तुमच्या टीव्हीवर दुसरी कुठलीच वस्तू कुठल्याच एचडीएमआय पोर्टवर चालत नाही, तर पोर्ट गेले. त्या टीव्हीला एव्ही सॉकेट असेल तर कन्व्हर्टर लावून अजूनही चालवता येतो.

मेनू दिसतो, सिनेमा काळा

वर म्हटलेलं कॉपी-संरक्षण ते हेच: पैसे भरून बघायच्या अॅपमध्ये चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. स्टिक, मधला कन्व्हर्टर किंवा स्प्लिटर (एक एचडीएमआय दोन टीव्हींना वाटणारी डबी) आणि टीव्ही, या सगळ्यांना ते उघडता आलं पाहिजे. एकालाही आलं नाही तर अॅप चित्र देत नाही, आवाज किंवा खालच्या ओळी तेवढ्या येतात. यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ मात्र चालतात, म्हणून खोट लक्षात येत नाही. मधला स्प्लिटर काढा. कन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर एचडीसीपी चालणारा आहे का असं विचारूनच दुसरा घ्या, आणि दुकानातच आपली स्टिक लावून, ते अॅप उघडून, सिनेमा सुरू करून बघा.

मेनू स्वच्छ, सिनेमा चौकडे-चौकडे

हे इंटरनेटचं काम. नेटफ्लिक्स स्वतः ७२०पीसाठी ३ एमबीपीएस आणि १०८०पीसाठी ५ एमबीपीएस वेग लागतो असं सांगतं. मोबाइलचा हॉटस्पॉट असेल तर फोन टीव्हीच्या जवळ ठेवून बघा. पत्र्याच्या घरात राउटर एका खोलीत आणि टीव्ही पत्र्याच्या भिंतीपलीकडं असेल तर वायफाय अडतंच, धातूमधून ते जात नाही.

उन्हाळ्यात आणखी एक. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक तापली की अडखळते, बंद पडते. दुपारी त्रास आणि रात्री ठीक, असं असेल तर एक्स्टेंडरने ती बाहेर मोकळ्या हवेत काढा. टीव्हीवर टाकलेला रुमाल, झालर, फोटोची चौकट काढून ठेवा.

इथं थांबा, मेकॅनिक बोलवा

आतापर्यंतची एकही तपासणी टीव्हीचा मागचा पत्रा उघडून करायची नव्हती. तो उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीखाली २० ते ३० हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ साठून राहतात. एलसीडीच्या पॉवर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही ३०० व्होल्टच्या वर असतात. हे जीव घेतं.

जळका वास, धूर, आतून चटचट आवाज आला तर टीव्ही लगेच बोर्डावरून बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. टीव्हीला किंवा वायरीच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, झटका बसत असेल, तर टीव्हीवाल्याच्या आधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासा. पोरं घरात असतात, यात उद्या-परवा करू नका.

डब्बा टीव्हीवर सगळं चित्र गोळा होऊन मधे एकच चमकती आडवी रेघ उरली, तर उभ्या दिशेचं सर्किट गेलंय. ते दुरुस्त होतं, पण तोवर टीव्ही बंद ठेवा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची जळून बसते.

एलसीडीचा आवाज येतोय आणि पडदा पूर्ण अंधारा, तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका मारा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पडदा चांगला आहे, मागचा बॅकलाइट गेलाय, आणि तो बदलता येतो. उभ्या रेघा किंवा अर्धा पडदा वेगळ्या रंगाचा, आणि तेच टीव्हीच्या मेनूवरही दिसत असेल, तर बिघाड पॅनेलकडचा असू शकतो. पॅनेल बदलायचा खर्च जुन्या टीव्हीला बहुधा परवडत नाही, आधी अंदाज लिहून घ्या.

विजा कडाडून गेल्यावर एचडीएमआय पोर्ट गेले असतील तर तेही बोर्डाचं काम आहे, घरी होत नाही. आपल्याकडं अवकाळीत आणि जूनच्या तोंडाला विजा फार पडतात. आभाळ गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग, स्टिकचा अडॅप्टर आणि डिशची वायर, तिन्ही काढा. नुसता बोर्डाचा खटका बंद करून भागत नाही, गच्चीवरच्या डिशच्या वायरीतूनही झटका आत येतो.

मेकॅनिकला फोन करताना टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा आणि पडद्यावरच्या बिघाडाचा फोटो पाठवा, आणि वरच्या तपासण्यांतल्या कोणत्या करून झाल्या ते सांगा: मेनू स्वच्छ आहे का, दुसरी वायर लावली का, स्टिक दुसऱ्या टीव्हीवर चालली का. त्याला लागणारा पार्ट तो सोबत घेऊन येऊ शकतो. दुरुस्तीनंतर काढलेला जुना पार्ट मागून घ्या, आणि मेकॅनिक घरातून निघायच्या आधी तुमचीच स्टिक लावून, सिनेमा सुरू करून, अर्धा तास चालवून बघा.